आत्याबाईंच्या वहीतला सहावा रकाना

बसलेलं माणूस पाहिलं की जिचा जीव कासावीस होतो, अशी बाई साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि माझ्या नशिबानं ती माझ्या जावयाची आत्या आहे. आमच्या वैशालीच्या लग्नात मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. मांडवात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवरही ही बाई टेकली नाही. जेवली ती उभ्यानं, आहेर घेतला तो उभ्यानं, आणि मंगलाष्टकं चालू असताना खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या नवरदेवाच्या आजोबांना दंडाला धरून उठवलं, मांडवाला एक फेरी मारून आणली आणि परत बसवलं. म्हातारा घाबरला, त्याला वाटलं काही विधी राहिला आहे. व्याह्याला ती इवाई म्हणते. मी विचारलं, तर मला म्हणाली, "पाय सुजले त्यायचे, इवाई. बसून बसून माणूस कुजते." चिखलीहून तिच्या गावी, देऊळघाटला जाणारी एसटी रिकामी असली तरी ही दांडीला धरून उभी राहायची. कंडक्टर आधी सांगायचा, मग विनवायचा, मग सोडून द्यायचा. लग्न का केलं नाही असं एकदा आमच्या घरातल्या कोणी भोचकपणे विचारलं, तर सरळ तोंडानं म्हणाली, "बोहल्यावर बसा लागते ना."

सगळे तिला आत्याबाई म्हणतात, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. चिखलीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात ती मोठी सिस्टर होती. तिथं डॉक्टर मॅडम होत्या, पण रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर दवाखाना आत्याबाईंचाच. तिच्या अंगावर दोन घड्याळं असायची, एक मनगटावर आणि एक छातीवर उलटं टाचलेलं. मी विचारलं दोन कशाला, तर म्हणाली एक बंद पडलं तर. दोन्ही बंद पडली तर काय, असं विचारायचा मोह मी आवरला, कारण तिसरं तिच्या पर्समध्ये असेल याची मला खात्री होती. तिचं सगळं बोलणंच तासांत चालायचं. आपण तिच्या घरी पाहुणे म्हणून जावं, राम राम करावा, तर ती विचारणार शेवटचं पाणी केव्हा प्यालात, शेवटचा घास केव्हा खाल्ला, आणि त्याच दमात, पंगतीत पाच माणसं जेवत असताना, वारा सरला का. आमच्या व्याह्यांचा घास घशात अडकलेला मी पाहिला आहे. स्वतःच्या बहिणीपुढं त्या माणसाचं काही चालत नव्हतं. त्याचा दोष नाही, कोणाचंच चालत नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, तिची पर्स. काळी, फुगलेली, तिला चेन होती पण लागत नव्हती. तिच्यात च्युइंगम भरलेलं असायचं. देऊळघाटातली लेकरं तिला लांबून ओळखायची ती त्याच्यामुळं. लेकरांना ती एकेकच द्यायची. खरा माल होता दवाखान्यातल्या बायांसाठी. पोट फाडून बाळंतपण झालेल्या बाईला ती च्युइंगम चघळायला लावायची. मला जेव्हा हे कोणी सांगितलं तेव्हा मी म्हटलं की बाई बिघडली. एकदा शेजारच्या बाळंतिणीला पाहायला म्हणून त्या दवाखान्यात गेलो, तर दारातून दिसलं काय, चार खाटांवर चार बाया, चारींच्या कुशीत लेकरं, आणि चारी जणी गोठ्यातल्या म्हशींसारख्या चूपचाप रवंथ करून राहिलेल्या. मी घरी येऊन हसून हसून सांगितलं. तेव्हा मला कळलं नाही की मी हसतो आहे ती गोष्ट मलाच सगळ्यांच्या आधी कळायला पाहिजे होती. कारण मी शाळा चौथीपर्यंतच केली, पण जनावरात माझी हयात गेली. आमच्या भागात गाय अडली की लोक डॉक्टरच्या आधी मला बोलवतात. आजारी जनावर बरं झालं हे कशावरून ओळखायचं, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारावं. ते रवंथ करू लागलं की समजायचं, पोट चालू झालं. हे मी दहा गावांना शिकवलं, आणि बायांचा रवंथ पाहून हसलो.

आत्याबाईंची एक वही होती, शाळेची लांब वही, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात पट्टीनं रेघा मारून सहा रकाने पाडलेले. नाव, साल, किती तास पाणी बंद, किती तासांनी पहिला घास, किती तासांनी पहिलं पाऊल. आणि सहावा रकाना, कोणाच्या सांगण्यावरून. मॅडम नव्या शिकून आल्या होत्या, वयानं आमच्या वैशालीएवढ्याच. त्यांनी आत्याबाईंना सांगितलं होतं की बाळंतपणाच्या ऑपरेशनमधून बाई लवकर कशी सावरेल यावर आता जगभर अभ्यास चालू आहे. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नाही, ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साखरेचं पाणी द्यायचं. ऑपरेशन झालं, बाई शुद्धीत आहे, उलटी नाही, की घोट घोट चहापाणी. लघवीची नळी लवकर काढायची. दुखायची वाट न पाहता गोळ्या घड्याळाच्या काट्यावर द्यायच्या. लेकरू उघडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. आणि त्याच दिवशी चालवायचं. मॅडम म्हणायच्या, पूर्वी असा अभ्यास करणारे लोक फक्त मोजायचे की बाई किती दिवसांत घरी गेली; आता ते बाईलाच विचारतात की बाई, तुला कसं वाटलं. हे शेवटचं आत्याबाईंना फार लागलं होतं. आपण तीस वर्षं बायांना उठ म्हटलं, बस म्हटलं, गप म्हटलं, कसं वाटलं हे एकीलाही विचारलं नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. म्हणून ती आता मागचं विचारत सुटली होती. लग्नात, बारशात, तेराव्याला, बाजाराच्या दिवशी, जिथं म्हणून पांढऱ्या केसांची बाई दिसेल तिथं वही काढायची. तुमचं पोटावरचं बाळंतपण झालं होतं का? किती तास पाणी बंद होतं? बाया आधी लाजायच्या, मग हसायच्या, आणि मग बऱ्याच जणी पदर डोळ्याला लावायच्या. मॅडमनी तिला समजावलं होतं की अशा आठवणींचा शास्त्राला उपयोग नाही. आत्याबाई म्हणाली, शास्त्राला नसेल, त्या बाईला आहे.

आता मला माझं सांगितलं पाहिजे, नाहीतर आत्याबाई पुरती कळणार नाही.

वैशालीच्या वेळी माझ्या बायकोचंही पोट फाडावं लागलं होतं. खामगावातला एक दवाखाना, चैत्र सरत आलेला, दुपारी बाराला ऑपरेशन झालं. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मी सांगेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. त्या काळात रीतच तशी होती, सगळीकडे तशीच होती. सलाईन लावलेलं होतं. मी खाटेपाशी बसलो आणि पाण्याचा तांब्या माझ्या पायामागं ठेवला. कापूस ओला करून तिच्या ओठाला लावायचो. ती ओठ मिटून कापूस चोखायला पाहायची, मी काढून घ्यायचो. एकदा म्हणाली, "एक घोट द्या, कोनी पाहून नाही राह्यलं." मी म्हटलं, "मी पाहून राह्यलो ना." ही गोष्ट मी पुढं तीस वर्षं लोकांना सांगितली. दोन दिवस बायको पाण्यासाठी तळमळली पण मी थेंब जाऊ दिला नाही, डॉक्टरला दिलेला शब्द मोडला नाही. लोक म्हणायचे, माणूस शब्दाचा पक्का. मला बरं वाटायचं. मी सांगत असलो आणि बायको तिथं असली, की ती उठून आत जायची आणि आतून रांजणावरचं झाकण वाजायचं. तिला तहान फार. उशाशी तांब्या भरल्याशिवाय ती कधी निजली नाही. शेतात जाताना, एसटीत, लग्नाला, कुठंही, हातात तांब्या, पुढं पुढं बाटली. आम्ही तिला चिडवायचो, नदी सोबत घेऊन फिरते म्हणायचो. वैशालीच्या लग्नातही आहेराच्या बाजूला तिची बाटली होतीच. लग्नानंतर दीड वर्षानं छातीत कळ येऊन ती गेली.

म्हणजे वैशाली पहिलटकरीण माहेरी आली तेव्हा घरात बाई नव्हती, मीच होतो. मी ठरवलं की आईची उणीव पोरीला भासू द्यायची नाही. डिंक आणला, खारका आणल्या, सुताराकडून बाज ठोकून घेतली, शेकायची शेगडी मातीनं लिंपली. दिवस भरले, लेकरू आडवं निघालं, मॅडम म्हणाल्या ऑपरेशन. मी म्हटलं चालते. सकाळी दहाला नातू झाला. वैशालीला खाटेवर आणलं. मी दारातच स्टूल टाकून बसलो. ही माझी जागा आहे, हे काम मी केलेलं आहे, असं मला वाटत होतं.

बारा वाजले असतील. आत्याबाई चहाचा कप आणि बशीत दोन बिस्किटं घेऊन आली. मी स्टुलावरून उठलो आणि आडवा झालो. म्हटलं, हे कोणासाठी. ती म्हणाली, तुमच्या पोरीसाठी. मी म्हटलं, माझ्या पोरीच्या पोटात टाके आहेत, दोन तास झाले नाहीत, तुम्हाला तिला मारायचं आहे का. ती बाजूनं जाऊ लागली तर मी कपावर हात ठेवला. कप कलंडला, चहा तिच्या पांढऱ्या साडीवर गेला. चहा गरम होता. साऱ्या बाया खाटेवरून पाहून राहिल्या. पोरीच्या सासरच्या माणसाशी असं वागतात का? मुलीच्या बापानं कसं नमून राहावं हे मी दुसऱ्यांना सांगणारा माणूस. पण मी हटलो नाही. हटणं मला येतच नाही.

आत्याबाई रागावली नाही. तिनं साडी झटकली आणि विचारलं, "इवाई, तुमची गाय व्याली तं तिले किती दिवस उपाशी ठेवता?"

मी म्हटलं, "काऊन ठेवू? लगेच गुळाचं कोमट पानी पाजतो."

"अन् उठवता किती दिवसांनं?"

"तिले उठवा नाही लागत. वासरू चाटायले आपसूक उठते. नाही उठली तं मी शेपटी धरून उठवतो. बसून राह्यली तं वाया जाते."

"हाव ना," ती म्हणाली. "मंग पोरीनंच काय पाप केलं?"

पलीकडच्या खाटेवरची बाई फस्सकन हसली आणि टाक्यांना हात लावून कण्हली. मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मी मोठ्यानं बोलतो. मी सांगितलं की माझ्या बायकोला असंच ऑपरेशन झालं होतं, मी स्वतः बसून तिला दोन दिवस थेंब दिला नव्हता, आणि ती पुढं तीस वर्षं जगली. हे मी साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं. आत्याबाईनं पर्समधून निळी वही काढली, उभ्या उभ्याच. नाव लिहिलं, साल लिहिलं. तास विचारले, मी म्हटलं दोन दिवस. ती सहाव्या रकान्यावर पेन धरून थांबली. "कोनाच्या सांगण्यावरून?" मी म्हटलं, "डॉक्टरच्या." तिनं माझ्याकडं पाहिलं. "दोनी दिवस डॉक्टरच्याच?" मी म्हटलं, "मंग कोनाच्या?" तिनं लिहून घेतलं. मग दुसरा चहा आणला आणि या वेळी मी स्टूल सरकवून वाट दिली.

वैशालीनं चहा घोट घोट प्यायला. बशी पुसून बिस्किटाचा चुरा खाल्ला. नंतर आत्याबाईनं तिच्या तोंडात च्युइंगम दिलं आणि ती चघळत माझ्याकडं पाहून हसली, अगदी तिच्या आईसारखं, एका गालानं. तिचा जबडा हलताना पाहिला आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते रवंथाचं आलं. चघळलं की पोट चालू होतं, इतकं सोपं होतं. चार वाजता नळी काढली. पाचला आत्याबाईनं तिला कुशीवर वळवलं, पाय खाली सोडायला लावले, पोटाला हात धरायला शिकवलं आणि उभं केलं. खाटेपासून खिडकीपर्यंत आठ पावलं. आत्याबाई मोजत होती. खिडकीत जाऊन पोरगी म्हणाली, "बाबा, नातवाले इकडे आना, त्याले रस्ता दाखवते." मला काही तिथं उभं राहवेना. चहा प्यायला जातो सांगून बाहेर निघालो आणि बसस्टँडपर्यंत जाऊन तसाच परत आलो. घरची बाज पुढं कपडे वाळवायला कामाला आली.

त्यानंतर तीन वर्षांत आत्याबाई आमच्या घरी पाच-सात वेळा तरी आली असेल. नातवाला टोचायच्या तारखा तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ. दर वेळी निघताना उंबऱ्यापाशी थांबायची आणि सहज विचारायची, "इवाई, त्या रकान्यात काई बदल करायचा हाये काय?" आणि दर वेळी मी म्हणायचो, नाही. एकदा मी तिला बोलून दाखवलं की तुमचा अविश्वास आहे का माझ्यावर. ती म्हणाली, विश्वास आहे म्हणूनच विचारते. तिच्या जाण्याची मी वाटच पाहायचो, आणि गेली की चार दिवस बेचैन असायचो. असा तिचा पाहुणचार.

मागच्या हिवाळ्यात जावयाचा फोन आला. आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन बुलढाण्याला झालं होतं. आयुष्यभर उभं राहिल्यावर गुडघे किती टिकणार. जावई म्हणाला, "मामाजी, आत्या उठून नाही राह्यली. डॉक्टर म्हनते चाला, नर्स म्हनते चाला, हे पांघरून घेऊन पडली. कोनाचं आयकत नाही. तुमी या, तुमच्यासंगं भांडासाठी तरी बोलन." मी पहिल्या गाडीनं गेलो.

खरंच ती पांघरूण हनुवटीपर्यंत घेऊन पडली होती. दोन्ही घड्याळं उशाशी काढून ठेवलेली. लहान दिसत होती. तिला कधी आडवी पाहिली नव्हती, म्हणून असेल. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, उठा आत्याबाई, बसून बसून माणूस कुजते. ती म्हणाली तिला माहीत आहे. मी म्हटलं गाय असती तर शेपटी धरून उठवली असती. ती हसली, पण उठली नाही. मग भिंतीकडं तोंड करून हळू म्हणाली, "भेव लागते, इवाई. दुसऱ्याले उठवनं सोपं असते." या बाईनं हजार बायांना उठवलं असेल. थोड्या वेळानं तिनं तोंड इकडं केलं, आणि तिच्या डोळ्यात जुनी चमक आली. म्हणाली, "तुमी खरं सांगा, मी उठते."

काय खरं, असं मी विचारलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

मी सांगितलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता एक नर्स पोरगी आली होती. कोवळी होती, नवीनच लागलेली असावी. म्हणाली, डॉक्टरसाहेबांना लग्नाला जावं लागलं, त्यांचा निरोप आहे, आता घोट घोट पाणी चालू करा. मी म्हटलं डॉक्टरनं मला तोंडानं सांगितलं होतं, तेच तोंडानं सांगतील तेव्हा देईन, तुझ्यासारख्या पोरीच्या म्हणण्यावर नाही. ती दोनदा आली. दुसऱ्यांदा तिनं हातात पेला आणला होता. मी तिला हाकलून दिलं. डॉक्टर आले तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला. त्यांनी नाडी पाहिली आणि विचारलं, कालपासून पाणी चालू आहे ना? मी म्हटलं, हो. बायको तिथंच होती, जागी होती. ती काही बोलली नाही. डॉक्टर गेल्यावर मी तांब्या पायामागून काढला आणि चमच्यानं तिला पाणी पाजलं, आणि तिनं सगळं प्यायलं, माझ्याकडं न पाहता.

आत्याबाई म्हणाली, "ते पोरगी मी नोयती बरं. मी तवा नागपुरात शिकून राह्यली होती." मी म्हटलं, तुम्ही असत्या तर बरं झालं असतं, एका जागी माफी मागून मोकळा झालो असतो.

आणखी एक राहिलं होतं तेही सांगितलं. कोणाच्या तरी बारशात मी ती गोष्ट रंगवून सांगितली, घरी आलो, तेव्हा बायकोनं चपला काढता काढता विचारलं होतं, "त्या पोरीचं नाव काय होतं हो?" मी म्हटलं, कोणती पोरगी? ती म्हणाली, काही नाही. आणि पाणी प्यायला आत गेली. तीस वर्षांत तिनं त्या गोष्टीबद्दल काढलेले शब्द एवढेच.

आत्याबाईनं उशीखाली हात घालून निळी वही काढली. तिच्यात शेवटी तिनं स्वतःचेही तास लिहिलेले होते, पहिल्या पावलाचा रकाना रिकामा. ती मागं मागं गेली, माझ्या चहा सांडण्याच्याही मागं, आणि एक पान माझ्यापुढं धरलं. मला चष्म्याशिवाय दिसेना, मी वही लांब धरली. माझ्या बायकोचं नाव होतं. साल होतं. पाणी बंद, चोपन्न तास. दोन दिवस नाही, चोपन्न तास. तिनं मोजले होते. वैशालीच्या लग्नात, पंगती उठल्यावर, हातात बाटली दिसली म्हणून आत्याबाईनं तिला सहज विचारलं होतं, आणि तिनं सारं सांगितलं होतं. सहावा रकाना कोरा होता.

"म्या इचारलं त्यायले," आत्याबाई म्हणाली, "कोनाच्या सांगण्यावरून? त्या म्हनल्या, ते राहू द्या. ते लिहू नका."

मी वही धरून बसलो. खिडकीबाहेर कोणी तरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आत्याबाईनं मला पेन दिला. मला सहीपुरतं आणि पत्रापुरतं लिहिता येतं. त्या रकान्यात एकच शब्द लिहायचा होता, तरी तो रेघेच्या बाहेर गेला. मी लिहिलं, नवरा. मग पुढं जाऊन मी सांगितलेल्या ओळीतला डॉक्टर खोडला. त्या भल्या माणसाच्या माथी मी उगाच लावून ठेवलं होतं. त्या पोरीचं नाव लिहायला रकानाच नव्हता, आणि नाव मला माहीतही नाही. आता तिचे केस पिकले असतील. कुठं असेल ती तर तिला कळावं की तिचा निरोप बरोबर होता.

आत्याबाईनं पांघरूण बाजूला केलं. तिनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एक वॉकरवर, आणि तोंडानं सारखं बाप्पा बाप्पा करत उभी राहिली. दारापर्यंत सहा पावलं झाली. मी मोजली. दारात पोचल्यावर घाम पुसून मला म्हणाली, "घड्याळ पाहा अन् लिहा. नाहीतं इसरून जासान." मी लिहिलं. परत येताना तिनं तिथल्या नर्सला विचारलं की समोरच्या खाटेवरची बाई कधीपासून बसली आहे.

चिखलीची गाडी मिळाली तेव्हा दुपार होती. गाडीत दहा-बारा माणसं होती, बाकी सगळी रिकामी. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. हल्ली मी ठेवतो. तहान लागली होती, पण काढली नाही. कंडक्टर म्हणाला, बाबा, बसून घ्या ना, जागाच जागा आहे. मी म्हटलं, राहू दे. चिखलीपर्यंत मी दांडी धरून उभाच होतो.